टबातलं पाणी आणि वाघमारे सर

वाघमारे सर आमच्या गल्लीत कुणालाही भेटले की आधी विचारायचे, "तुमच्याकडं पाणी आलं का?" आता लातुरात हा प्रश्न काही नवलाचा नाही. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावात माणसं तब्येतीच्या आधी पाण्याचीच चौकशी करतात. पण सर विचारायचे तेव्हा उत्तराची वाट बघताना त्यांचा चेहरा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या आरोपीसारखा व्हायचा. "आलं" म्हटलं की सुटल्यासारखं हसायचे. "नाही" म्हटलं की मान खाली घालून चालू लागायचे, जणू पाणी त्यांनीच अडवून ठेवलंय.

कारण सरांच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, एक टब होता. हवा भरून फुगवायचा, दोन माणसं बसतील एवढा, पाणी गरम करून बुडबुडे सोडणारा. सरांच्या बायकोला, सुशीलाकाकूंना, संधिवात. सकाळी कपाची कडी धरता यायची नाही, गुडघे तर विचारूच नका. त्यांची मुलगी नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं औषधं, शेक, मालिश सगळं करून पाहिलं आणि शेवटी हा टबच आणून लावून दिला. काकू संध्याकाळी त्यात अर्धा तास बसायच्या, तेवढ्यावर रात्रीची झोप लागायची. सरांनी टबाभोवती हिरवी जाळी बांधली होती, कुणाला दिसू नये म्हणून. टब आल्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ते माहीत होतं, ही गोष्ट वेगळी.

आमची भिंत एक, त्यामुळे माझा या टबाशी संबंध आला. सर कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांना रंग नीट कळत नसत. गुलाबी आणि नारिंगी त्यांना सारखेच. आयुष्यभर रंग बघून करायचं टायट्रेशन शिकवलं ते पोरांच्या डोळ्यांवर. निवृत्तीनंतर पोरं गेली, मग मी सापडले. भिंतीवरून हाक यायची, "वर्षा, जयभीम! जरा डोळे घेऊन ये." मी पोळ्या टाकून जायची. सर टबाच्या पाण्यात बुडवलेली तपासणीची पट्टी माझ्यापुढे धरायचे आणि मी डबीवरच्या रंगांशी ताडून निकाल द्यायची.

टब नव्यानं भरला की सरांचा खरा संसार सुरू व्हायचा. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की हीटरवर पांढरे थर धरतात, म्हणून सर त्यात पावसाळ्यात हौदात साठवलेलं पाणी मिसळायचे. मग पंप फिरवायचा, थांबायचं, पट्टी. पाणी आम्लाकडं झुकलं तर खायचा सोडा, अल्कलीकडं झुकलं तर आम्लाची पुडी. परत पंप, परत थांबायचं, परत पट्टी. क्लोरीन सगळ्यात शेवटी. एकदा मी घाईनं क्लोरीनचा डबा उघडला तर हातावर चापट बसली. "पाण्याला इचारलं का आधी? पीएच वर असला की ते क्लोरीन नुसतं पडून राहतंय, सरकारी जावयावानी. आधी पाण्याला इचारायचं, मंग पुडी फोडायची."

एवढा आटापिटा कशासाठी, तर पाणी फेकावं लागू नये म्हणून. तोल सांभाळला तर तेच पाणी तीन-चार महिने चालतं. बिघडलं, गढुळलं, वास मारू लागलं, तर ओतून द्यायचं. "लातुरात टबभर पाणी गटारीत सोडून मी तोंड कुठं दाखवू?" सर म्हणायचे. बदलायची वेळ आलीच तर ते पाणी चार-पाच दिवस उघडं ठेवून, क्लोरीन उडवून, फरशी-संडासासाठी घरोघर द्यायचे. देतानाही माफी मागितल्यासारखेच.

हे एवढं कशाचं ओझं, हे त्यांनी एकदाच सांगितलं. पट्टीचा रंग चढायची वाट बघत आम्ही टबाच्या काठाशी बसलो होतो. सर हदगावकडच्या खेड्यातले. लहानपणी तिथं विहिरीला हात लावू देत नसत. ओंजळ धरून उभं राहायचं, कुणी वरून ओतलं की प्यायचं. "ओंजळीतलं सांडलं तर परत मागायला जीभ उचलायची न्हाई, पोरी. आन् आता माझी बायको गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिली. लई बरं वाटतंय बघून. आन् बरं वाटलं की वाईट बी वाटतंय." स्वतः सर त्या टबात एकदाही बसले नाहीत. काकू बोलवायच्या, "या की हो, तुमचे बी गुडघे वाजतेत." सर म्हणायचे, "तुझं औषध हाय. माझी चैन व्हईल."

मग तो उन्हाळा आला. हौद कोरडा. सरांनी कशीबशी टँकरची पाळी मिळवून टब भरला. त्याआधी पंधरा दिवस तो रिकामाच होता आणि काकू भिंत धरून चालत होत्या. दुसऱ्या दिवशी नळ यायचा होता. तो आला नाही. कुठं तरी मोठी पाइप फुटली, टँकरही सगळे तिकडं वळले. त्या सकाळी पट्टी बघून मी "गुलाबी" म्हणाले, म्हणजे आम्ल हवं. सरांच्या हातात आम्लाची पुडी होती. ते ती फोडेनात.

"काय झालं सर?"

"एकदा पुडी पडली की हे पाणी माणसांचं राहत न्हाई, वर्षा."

पुडी खिशात घालून ते उठले आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन ओरडले, "पाणी घेऊन जा! अजून काही टाकलं न्हाई त्यात!"

हिरवी जाळी त्यांनी स्वतःच सोडली. घागरी, बादल्या, कुकरची भांडीसुद्धा आली. उकळून प्या, एवढंच सर प्रत्येकाला सांगत होते. मीही दोन घागरी नेल्या. दुपारपर्यंत टबाचा तळ दिसला.

संध्याकाळी काकू मागच्या दारात आल्या. अंगात टबाचा जुना गाऊन, खांद्यावर टॉवेल. दुपारभर औषधाच्या गुंगीत होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी टबात वाकून बघितलं. मी भिंतीपलीकडे त्याच पाण्याचा चहा घेऊन उभी होते. पेला कुठं लपवावा ते सुचेना.

"सगळं दिलं?" काकू म्हणाल्या. सर खिशातली पुडी चाचपू लागले. "मला बी इचारायचं व्हतं की हो. पाण्याला इचारता, गल्लीला इचारता. मी न्हाई म्हनले असते का?"

त्या रात्री सर कापड गरम करून काकूंचे गुडघे शेकत बसले. तेव्हापासून त्यांना त्यांचं मन दोन्हीकडून खाऊ लागलं. टब भरलेला असला की गल्लीपुढे मान खाली, रिकामा असला की काकूंपुढे. आम्ही गल्लीवाले त्यांना देवमाणूस म्हणायचो. ते फुकटात म्हणता येतं. टँकरची पुढची पाळी येईपर्यंतचे काकूंचे पंधरा-वीस दिवस आम्ही पिऊन टाकले, हे कुणी म्हणत नव्हतं. मीही नाही.

हिवाळ्यात सर मुलीकडे नांदेडला गेले आणि तिथंच हृदयविकारानं गेले. काकू एकट्या परतल्या. टबाची हवा काढून कुणीतरी घडी घालून ठेवली होती.

यंदाच्या उन्हाळ्यात काकूंना उठवेना, तेव्हा गल्लीनं टब फुगवला. कुणी ठरवलं असं नाही. ज्याच्या त्याच्या घरातून एकेक, दोन-दोन घागरी आल्या, परत परत आल्या. ज्या घरांत कधी काळी वाघमाऱ्यांचा पेला वेगळा ठेवत, त्या घरांतूनही आल्या. टब भरला. मी पंप फिरवला, थांबले, पट्टी बुडवली, रंग वाचला. काकू खुर्चीत गाऊन घालून बसल्या होत्या. मी पुडी हातात घेतली तशी त्यांनी वाकडी बोटं वर केली.

"थांब. गल्लीत समद्यांकडं पाणी हाय का, इचारून ये. मंग टाक."

मी निघाले. पहिल्या घरात टाकीचा तळ वाजत होता. बाई म्हणाली, "हाय म्हनावं, लई हाय." दुसऱ्या घरात रिकाम्या कळशा पालथ्या घातलेल्या. "भरपूर हाय, सांगा काकूला." शेवटपर्यंत प्रत्येक दारात हेच. माझ्या स्वतःच्या माठात त्या संध्याकाळपुरतं होतं.

सरांना हे खोटं चाललं नसतं. त्यांनी मला परत पाठवलं असतं, झाकणं उघडून बघायला.

मी मागच्या दारातून आत आले. काकू माझ्याकडेच बघत होत्या, अगदी सर बघायचे तशा.

"आहे काकू," मी म्हणाले. "सगळ्यांकडे आहे." आणि पुडी फोडली.