चार हजारांचे पाच हजार

नेपाळच्या सीमेवर, सोनौलीच्या कमानीखाली गाडी उभी करून मी खाली उतरलो. परक्या देशात गाडी घालताना मला अजून भीती वाटते. आपली नंबरची पाटी एमएच झिरो पाच, तिथल्या पाट्या लाल. भन्सारचा कागद म्हणजे गाडी आत न्यायची परवानगी. तो एक दिवस जरी कमी काढला तरी पोलीस गाडी लावून घेतात. पण त्या दिवशीची भीती कागदाची नव्हती. ही माझी तिसरी फेरी होती, आणि मी मॅनेजरचा काटा काढायचं ठरवून बदलापूरहून निघालो होतो.

हा मॅनेजर म्हणजे उल्हासनगरच्या आमच्या शेठचा उजवा हात. यात्रेच्या गाड्या, लॉज, जेवण, सगळं तोच बघायचा. त्याचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी आजही नाकारत नाही. मी बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यातला. सातवीत शाळा सोडली आणि जांभूळला पाण्याच्या पाइपांसाठी चर खणायला लागलो. तिथून मला या माणसाने उचललं. शेठच्या जुन्या टेम्पोवर गाडी शिकवली, लायसनची फी स्वतःच्या खिशातून भरली, हेंद्रेपाड्यात भाड्याची खोली बघून दिली. पहिली नेपाळ वारी मिळाली तेव्हा मी त्याच्या पाया पडलो होतो.

त्या पहिल्या फेरीला आईने एकच गोष्ट मागितली. पशुपतीच्या दारातली रुद्राक्षाची माळ.

"उल्हासनगरची नको आणू रं," ती म्हणाली, "खरी आण."

मी दोन हजार साठवले होते, सगळ्या शंभराच्या नोटा. तेव्हा पाचशेची नोट तिकडे घेत नसत, आता नियम बदललाय म्हणतात. सीमेवर मॅनेजरने माझे दोन हजार घेतले, सटहीच्या, म्हणजे पैसे बदलायच्या, काउंटरवर गेला आणि मला अडीच हजार नेपाळी आणून दिले.

"बघ," तो म्हणाला, "बसल्या जागी पाचशे वाढवून दिले तुला."

मी खूश. दोनाचे अडीच झाले तर कोण नाराज होईल? काठमांडूत माळेचे तीन हजार सांगितले, एक रुपया कमी करेनात. मी मॅनेजरकडे पाचशे उसने मागितले. सगळे पॅसेंजर उभे होते, त्यांच्या देखत तो हसला.

"सातवीत शाळा सोडली की असं होतं. खिशात काय आहे ते बघून दुकानात शिरावं."

दोन-तीन जण हसले. मी पण हसलो. रिकाम्या हाताने घरी आलो. आईने माझी पिशवी चाचपली आणि भाकरी वाढायला उठली, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या फेरीला मी परत दोन हजार त्याच्याच हातात दिले, परत अडीच घेतले. शिवाय या वेळी त्याने वर पाचशे दिले. म्हणाला, "आता तू जुना झालास. ड्रायव्हरचा हक्क आहे हा." डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू. तीन हजार झाले आणि आईची माळ झाली.

परत येताना नारायणघाटच्या पुढे गाडी थांबली. खिशात नेपाळी पैसे संपलेले, एक आपली शंभराची नोट होती. टपरीवर एक बाई चहा करायची. तिला दिदी म्हणायचं, तिथे तशीच रीत आहे. चहा तीस रुपये. मी शंभराची नोट दिली, तिने मला एकशे तीस परत दिले. मी गाडीपर्यंत गेलो, मोजले, आणि धावत मागे आलो. बाईची चूक झाली, तिच्या घरचं नुकसान नको.

"दिदी, जास्त आले."

ती पोट धरून हसायला लागली. "दाइ, आयसी सय भनेको एनसी एक सय साठी!" मग माझं तोंड बघून तिने हिंदीत सांगितलं: हिंदुस्तानी शंभर म्हणजे नेपाळी एकशे साठ. इथे पोरासोरांना ठाऊक असतं. दर बदलत नाही, वर्षानुवर्षं तोच.

मी गाडीत बसलो आणि चावी फिरवायचीच विसरलो. शंभराला एकशे साठ. म्हणजे दोन हजाराचे बत्तीसशे. म्हणजे पहिल्याच फेरीला माळ आली असती, वर दोनशे उरले असते. ज्याने माझे सातशे खाल्ले त्यानेच, मी पाचशे उसने मागितले म्हणून, चारचौघांत माझी सातवी काढली. मॅनेजर शेजारच्या सीटवर येऊन बसला, म्हणाला, "काय रे, झोप आली का?" मी नाही म्हणालो. तिथून बदलापूरपर्यंत मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो, आणि त्याला ते जाणवलंसुद्धा नाही.

भांडता आलं असतं. पण माझा एकट्याचा हिशेब त्याने चुटकीसरशी उडवला असता. शेठला सांगितलं असतं, पोरगा डोक्यावर बसतोय. मला तो सगळ्यांसमोर पडलेला बघायचा होता. तीन महिने मी वाट बघितली. रोज अंबरनाथला गाडी धुताना त्याच्या तोंडावर मी कितीतरी उत्तरं दिली, सगळी मनातल्या मनात.

तिसऱ्या फेरीला आला बायकांचा ग्रुप. हेंद्रेपाड्याची भिशी, अकरा जणी. दोन वर्षं पैसे साठवून पशुपतीला निघालेल्या. त्यांच्यात भिशी सांभाळणाऱ्या एक काकू होत्या. पूर्वी एका कारखान्यात पॅकिंगला होत्या, आता रिटायर. आवाज असा की हॉर्नची गरज नाही. या भिशीची एक रीत आहे, ती आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. पैसे कापडी पिशवीतून फिरतात, आणि जिच्या हातात पिशवी येते ती चारचौघींत मोजत नाही. मोजलं तर सांभाळणारीवर अविश्वास दाखवला असं होतं. घरी जाऊन मोजायचं, कमी असेल तर दुसऱ्या दिवशी हळूच सांगायचं. कमी कधी नसतंच.

मॅनेजरला ही रीत ठाऊक होती. सोनौलीला त्याने गाडीत चढून हात जोडले.

"काकू, तुमच्या पद्धतीने करू. सगळ्यांचे एकत्र द्या. उगीच उन्हात काउंटरवर उभ्या राहू नका."

प्रत्येकीचे चार हजार, चव्वेचाळीस हजारांची पिशवी त्याच्या हातात गेली. अर्ध्या तासाने परत आली. प्रत्येकीला पाच हजार.

"अगंबाई, चाराचे पाच झाले!" मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने खाली येऊन माझ्या हातात पाचशे ठेवले. या वेळी मला माहीत होतं ते कुठले. तरी घेतले. नाही घेतले असते तर त्याला संशय आला असता, असं मी स्वतःला सांगितलं.

नारायणघाटच्या अलीकडे त्याच टपरीवर मी गाडी थांबवली. मॅनेजर फोनवर बोलत लांब गेला. मी काकूंच्या खिडकीशी गेलो.

"काकू, मला एक चहा पाजता का?"

"अरे, मागायचं काय त्यात! पण हे नेपाळी पैसे मला ओळखू येत नाहीत बाबा."

"आपली शंभराची नोट द्या की. इथे चालते."

त्या उतरल्या. कंबरेच्या पिशवीतून शंभराची नोट काढली. दोन चहा, साठ रुपये. दिदीने नोट घेतली आणि शंभर नेपाळी परत दिले. काकूंनी ती नोट उलटून बघितली. ओठ हलले. मी माझ्या ग्लासात बघत राहिलो.

"हे कसं काय रे? दिली शंभर, परत आली शंभर, आणि चहा पोटात?"

मी म्हटलं, "मला काय कळतंय काकू. तिलाच विचारा."

त्यांनी विचारलं. दिदीने सांगितलं. वीस वर्षं भिशी सांभाळलेली बाई ती, तिला कागद लागला नाही.

"चाराचे चौसष्टशे," त्या हळू म्हणाल्या. "चौदाशे कमी. अकरा जणींचे, प्रत्येकीचे चौदाशे." मग त्या हळू बोलल्या नाहीत. "ए मॅनेजर! इकडे ये रे जरा!"

अकराच्या अकरा जणी खाली उतरल्या. मॅनेजर हसत आला. काकूंनी त्याच्यासमोर ती परत आलेली शंभराची नेपाळी नोट धरली.

"मोज."

"काकू, ते टपरीवरचं वेगळं असतं, काउंटरला कमिशन..."

"शंभराला पस्तीस कमिशन? सोन्याचं आहे का काउंटर?"

"आम्ही तुला भाऊ समजून दिली पिशवी," दुसरी एक म्हणाली. "अरे, भिशीत आम्ही सख्ख्या जावेवर इतका विश्वास टाकत नाही."

त्याच्या कपाळावर घाम आला. मला तो घाम बघून इतकं बरं वाटलं की चहाचा ग्लास हातात गार झाला तरी कळलं नाही. एवढ्यात तो माझ्याकडे वळला.

"मी एकटा खातो का? यातले पाचशे या ड्रायव्हरला जातात. विचारा त्याला!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी वरच्या खिशातून ते पाचशे काढले आणि बाकावर ठेवले.

काकूंनी विचारलं, "आणि मागच्या वेळचे?"

"आईला माळ घेतली."

"आईला माळ! आणि कुणाच्या पैशाने घेतली, माहितेय?"

माझेही सातशे त्याने खाल्ले होते, पण ते पाचशे त्यातलेच कशावरून? कुणी दुसऱ्या ग्रुपातली बाई तेव्हा तीन हजार मोजताना कमी पडली असेल, आणि माझ्यासारखीच हसून रिकाम्या हाताने घरी गेली असेल.

मॅनेजरने तिथल्या तिथे पैसे परत केले. बायकांनी या वेळी मोजून घेतले, मोठ्याने, एकेक नोट. संध्याकाळी काठमांडूच्या लॉजवर पोचलो तेव्हा त्याने काकूंच्या खोलीबाहेर शेठला फोन लावला, स्पीकरवर. त्याचा डाव मला कळत होता. शेठचा एक नियम आहे: धंद्याच्या आतली गोष्ट पॅसेंजरच्या कानावर घालणारा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी घरी. आणि ती नोकरी गेली तर मी परत जांभूळच्या चरात.

"साईं, किसने बताया इन लोगों को?" सगळं ऐकून शेठने आपल्या सिंधी ढंगात विचारलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं, आणि फोनकडे तोंड केलं. "कोणी नाही सांगितलं शेठ. मी चहा घेतला, माझा मीच हिशेब लावला."

"ड्रायवर तो नहीं बोला ना कुछ?"

"नाही. तो गप्प होता."

मी सुटलो होतो. नोकरी शाबूत, मॅनेजर पडलेला, सगळं मनासारखं. मला नुसतं उभं राहायचं होतं.

मॅनेजर फोनजवळ वाकला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "अरे सेठ, ये क्या बोलेगा. सातवी का है, इसको तो गिनती भी नहीं आती."

चहा मी मागितला होता. टपरी मी निवडली होती. तीन महिने मी झोपेतसुद्धा एकशे साठचा पाढा म्हटला होता. आणि हा माणूस उद्यापासून सगळीकडे सांगणार होता की एका म्हातारीने चहा पिता पिता त्याला पकडलं. त्यात मी कुठेच नव्हतो.

"सेठ," मी म्हणालो, "चाय मैंने माँगी थी. हिसाब मेरा था. तीन महीने से."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, मी वाचवत होते ना तुला!"

"माहितेय काकू. पण याला कळायला पाहिजे होतं."

शेठ म्हणाला, "पूरा टूर करके आ. फिर देखते हैं," आणि फोन ठेवला. मॅनेजर माझ्याकडे बघत होता. बोटांवर तो मागचे तीन महिने मोजत होता. मी तिथून हललो नाही. ज्यासाठी नोकरी घालवली होती ते नीट बघून घेत होतो.

परत आल्यावर शेठने दोघांनाही यात्रेवरून काढलं. काकूंनी अकरा जणींना घेऊन त्याच्या ऑफिसात जाऊन माझ्यासाठी भांडण केलं म्हणून मला निदान कंपनीची बस मिळाली, बदलापूर ते मोरिवली, तीन शिफ्ट, पगार कमी. त्या बाईचे आणि त्या माणसाचे, दोघांचेही उपकार माझ्यावर आहेत. त्याने शिकवलेल्या हातांनीच मी आजही गिअर टाकतो. पण कुणी विचारलं की परत वेळ आली तर गप्प बसशील का, तर माझं उत्तर तयार आहे. नाही बसणार.