बिनतेलाचे केस

ल्यूअम्मांनी मला उभं केलं. पुढचं सगळं त्यांच्यामुळे आहे, म्हणून नाव आधी लिहिते. मी शिकलेली चौथीपर्यंत, लिहिताना हात अडतो... सांभाळून घ्या. एग्मोर स्टेशनामागच्या गल्लीत त्यांच्या यजमानांचा दातांचा दवाखाना होता. मद्रासेत चिनी दातवाले पुष्कळांना ठाऊक, पण आतल्या खोलीतल्या ह्या 'चीनाम्मा' बायकांनाच ठाऊक. गेल्या महिन्यात शेजारच्या रमाअक्का बाजारातून आल्या, हातातली पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, "चीनाम्मा गेली गे. झोपेतच गेली म्हणे." मी स्टोव्ह विझवला आणि तिथंच बसून राहिले.

आमचं गाव जोतिबाच्या डोंगराखाली. लग्न करून मी थेट मद्रासेत, मांबलमला आले, हे रेल्वेच्या कचेरीत कारकून. पहिलं बाळंतपण इथंच झालं. आईला येता आलं नाही, वडील अंथरुणाला खिळलेले. मग काय, बाळ अंगावरचं आणि मी रस्त्यावरच्या नळावरून पाण्याचा कुडम कमरेवर घेऊन चढतेय जिना. एका सकाळी उकिडवी बसून धुणं धुताना अंग बाहेर आलं. छापायला लाज वाटते, पण बायका ह्याला असंच म्हणतात, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ह्यांना सांगायची सोय नव्हती, आईला लिहायची तर त्याहून नव्हती. आमच्याकडे बाळंतिणीचं पोट आवळून बांधतात, तेवढं मला माहीत. आईचं जुनं लुगडं फाडलं आणि गच्च बांधलं. जितकं खाली उतरे तितकं मी आणखी आवळी... बाळ पायाशी रडायचं आणि उचलायची भीती वाटायची.

रमाअक्कांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्या तंजावरकडच्या, पिढ्यान् पिढ्या इथल्या. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू यायचं, पण त्या दिवशी त्यांनी विचारलं, "लेकरू रडतंय, कसाला उचलत नाहीस गे?" आणि मला रडू फुटलं. त्यांनीच इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, आत रिंग बसवू, नाही भागलं तर पुढे पिशवी काढावी लागेल. पिशवी काढायची म्हणजे दुसरं मूल नाही. माझी तेव्हा विशीसुद्धा सरली नव्हती. मी रिंग न घेताच बाहेर आले आणि अक्कांना म्हटलं, मला नाही परत यायचं इथं. अक्कांची दाढ काढली होती ल्यूअम्मांच्या यजमानांनी. त्या म्हणाल्या, "चल, एक बाई आहे."

ल्यूअम्मा ठेंगण्या, आखूड केसांच्या, तमिळ अक्कांपेक्षा भरभर बोलायच्या. पडद्यामागे बाकावर निजवलं, लुगड्याचे वेढे पाहिले आणि हसायलाच लागल्या. "अगं, वरून आवळलंस तर सामान खालीच जाणार ना!" एकेक वेढा सोडवला, लुगड्याची घडी घातली आणि तीच माझ्या कमरेखाली उशी म्हणून सरकवली. मग डोक्यावर हात ठेवला नि तोंड वाकडं केलं.

"केवढं हे तेल! उद्या बिनतेलाची ये, नाहीतर पेटशील."

अक्का हादरल्या. "सवाशीण बाई बिनतेलाची रस्त्यानं चालेल का वो?"

"मग घरी जाऊन लाव म्हणावं. वाटी दोन वाटी, हवं तेवढं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुकवलेल्या पाल्याची जाड विडीसारखी कांडी पेटवली आणि माझ्या टाळूवर धरली. टेकवली नाही, नुसती ऊब. माझा जीव वरखाली. दुखणं कुठं आणि निखारा कुठं! घाबरत विचारलं तर म्हणाल्या, "बादली विहिरीत लोंबली तर खालून ढकलतेस का वरून ओढतेस?" त्यांच्याकडचं शास्त्र असं की बाईच्या अंगातला जोर ओसरला की आतलं सगळं सैल पडून खाली येतं, तो जोर टाळूकडून वर बोलवायचा. खरं खोटं मला काय कळणार... पण तो धूर नाकात गेला आणि माझे डोळे भरून आले. हुबेहूब आमच्या जोतिबाचा दवणा!

"भाजलं?"

"नाही अम्मा. घरचा वास आला."

त्यांनी कांडीची राख झटकली, पुन्हा धरली आणि म्हणाल्या, "मलापण रोज येतो."

त्यांनी पिवळट मुळ्यांचे काप दिले, कोंबडीच्या रश्शात उकळ म्हणाल्या. अक्का खुर्चीवरून उठल्याच. "बरं बाई, भाताच्या पेजेत उकळ," अम्मांनी लगेच बदलून दिलं. निजून आतून वर ओढून धरायला शिकवलं, लघवी अडवतो तसं. कुडम बंद, उकिडवं बसणं बंद. आणि रिंगेचं कळल्यावर चांगल्या रागावल्या. "डॉक्टरणीनं सांगितलंय ते करायचं. माझी विडी काय सगळं करणार आहे?" स्वतः माझा हात धरून इस्पितळात घेऊन गेल्या.

ते सगळे महिने मी कोरड्या केसांनी आगगाडीतून एग्मोरला जायची. स्टेशनाबाहेरची फुलवाली दर वेळी विचारायची, "घरात कोण गेलं, अम्मा?" शेवटी ह्यांनीही विचारलं, केसांना काय झालंय म्हणून. मग सांगावंच लागलं. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत ह्यांनी कुडम भरून ठेवलेला होता, पुढे रोजच. डॉक्टरीणबाईंनी तपासून रिंग काढली, पिशवीचं नाव पुन्हा निघालं नाही. शेकानं, रिंगेनं, विश्रांतीनं की पेजेनं, कोण जाणे. प्रत्येकीचं असं होईलच असं मी म्हणणार नाही, पण माझी धाकटी आज शाळेत जाते.

चीनशी लढाई झाली तेव्हा दवाखान्याची पाटी उतरली. अम्मा म्हणाल्या, "येत नको जाऊस. तुझ्या यजमानांची सरकारी नोकरी आहे."

मी म्हटलं, "येऊ नको म्हणायला मी काय दात काढायला येते?"

त्या हसल्या, चहा ठेवला. तेव्हाच एकदा म्हणाल्या होत्या, "तुझ्या गावचा तो पाला आण ना एकदा. माझ्या पाल्याचा कोण लागतो बघू दे." पण दवणा चैत्रातला, आणि चैत्रात ह्यांना रजा कधी मिळालीच नाही.

अम्मा गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी न्हाले आणि केसांना तेल लावलं नाही. फुलवाली आता म्हातारी झालीय, तिनं सवयीनं विचारलं, "घरात कोण गेलं, अम्मा?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला खरं उत्तर देता आलं.

ट्रंकेत त्या लुगड्याच्या घडीत अर्धी जळलेली एक कांडी आहे. मुली ट्रंक उघडतात तेव्हा नाक मुरडतात, मी मात्र दोन मिनिटं तिथंच रेंगाळते. अम्मा, येत्या चैत्रात रजा मिळो न मिळो, मी एकटी जाईन. देठासकट ओला दवणा आणीन, आणि तुम्हाला मातीत ठेवलंय तिथं उशाशी ठेवीन. टाळूच्या बाजूला.