निशाणी सांगा, मग लेकरू न्या

रंगनाथ काकांनी माझ्या बाबांना माझे बाबा मानायला नकार दिला, तेव्हा मी नववीत होते आणि त्यांच्याच व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून सगळं ऐकत होते. शाळा नुकतीच सुटली होती. मला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून बाबा परस्पर शाळेच्या गेटवर आले होते. काका व्हॅनच्या दारात आडवे उभे राहिले.

"निशाणी सांगा."

"कसली निशाणी? मी बाप आहे तिचा!"

"असाल. मी कुठं नाय म्हणतो? निशाणी सांगा."

बाबांना ती आठवेना. ते आधी चिडले आणि मग भर उन्हात, माणसाने माणसावर विश्वास का ठेवला पाहिजे, या विषयावर त्यांनी पाच मिनिटं भाषण केलं. काकांनी ते हात बांधून ऐकलं. "लई भारी बोललात. आता निशाणी." शेवटी आईचा फोन लागला, घरच्या सायकलला घंटा नाही ही आमची निशाणी तिच्याकडून कळली, आणि मगच मला खाली उतरता आलं. मागच्या सीटवरची चिल्लीपिल्ली खिदळत होती. माझे कान लाल झाले होते.

काका मूळचे कन्नड तालुक्यातले. घरी शेती होती, बैल होते. शहरात येऊन त्यांनी शाळेची व्हॅन चालवायला घेतली, तेव्हा गावाकडून फक्त एक बैलाचं घुंगरू आणलं आणि ते व्हॅनच्या आरशाला बांधलं. आम्ही चौदा मुलं. प्रत्येक घराशी त्यांनी एकेक खूण ठरवलेली होती, तीच निशाणी. नेहमीच्या माणसाऐवजी दुसरं कुणी मुलाला न्यायला आलं, किंवा नेहमीचा माणूस अवेळी, भलत्या ठिकाणी आला, की ती सांगावी लागे. स्वराच्या मांजराचं नाव काय, अथर्वच्या आजोबांच्या काठीचा रंग कोणता, असं काहीतरी. पालक वैतागत. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "आमच्या कन्नडच्या बाजारातून बैल न्यायचा म्हटलं तर दाखला दाखवावा लागतो. लेकरू न्यायला नुसतं तोंड दाखवून कसं चालंल?"

त्यांचा संशय माणसांवर थांबत नसे. दाराच्या कडीवर संशय, म्हणून ती तीनदा ओढून बघायची. चालत्या गाडीत बाटली तोंडाला लावलेली दिसली की गाडी बाजूला. "ब्रेक लागला तर दात बाटलीत जात्याल, मग मायला दाखव बाटली हालवून." उजव्या बाजूने कुणी उतरायचं नाही. क्लासचे सर फार गोड बोलतात असं एका मुलीने सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "गोड बोलतोय ना? मग क्लासचं दार उघडं ठेवाय सांग. दार उघडं ठिवून बी गोड बोलला, तर खरा." आणि वर आम्हाला बजावत, "मी जरी भलत्या टायमाला आलो, चल म्हणलो, तरी इचारायचं. माझा बी भरवसा धरायचा नाय."

या सगळ्यात त्यांनी एकच अपवाद केला होता. त्यांना बारीक अक्षर वाचता येत नसे, म्हणून निशाण्यांची वही माझ्याकडे असायची. मी व्हॅनमधली सगळ्यात मोठी. मला ते 'पुढारीण' म्हणत.

ते नाव त्यांनी उगीच ठेवलं नव्हतं. आमचं उस्मानपुऱ्यातलं घर आई-बाबांच्या चळवळीतल्या पत्रकांनी भरलेलं असे. मी अक्षरं शिकले तीच पत्रकांवरून. 'कमळ'च्या आधी मला 'धिक्कार' वाचता येत होतं. आई-बाबांनी मला अन्यायावर गप्प न बसायला शिकवलं होतं, आणि बाबांना उन्हात उभं केलं तो माझ्या लेखी सरळसरळ अन्याय होता. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले. मथळा होता: 'संशयाच्या व्हॅनमधून उतरा!' दरवाजात अडवलेला मामा, रडवेली झालेली आजी, अपमानित बाप, सगळे त्यात होते. आई नेहमी म्हणायची, पुराव्याशिवाय पत्रक म्हणजे नुसती आरडाओरड. म्हणून मी पुरावे दिले. वही उघडली आणि कोणत्या मुलाच्या घरच्यांना किती हास्यास्पद प्रश्न विचारला जातो, ते उत्तरांसकट नावानिशी लिहून काढलं.

बाबांनी ते वाचलं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि शेवटी एक उद्गारचिन्ह वाढवलं. आईने 'अपमानित'च्या जागी 'अवमानित' केलं. आम्ही तिघांनी मिळून त्या कागदात जे दिसत होतं ते सगळं पाहिलं. फक्त तो कागद काय करू शकतो, ते कुणालाच दिसलं नाही. औरंगपुऱ्यातून मी शंभर प्रती काढून आणल्या आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना गेटवर वाटल्या. पालकांना, रिक्षावाल्यांना, पाणीपुरीवाल्याला, समोर येईल त्याला. एक प्रत काकांनाही दिली. त्यांनी ती न वाचता घडी घालून खिशात ठेवली. "घरी नातीकडून वाचून घेतो, पुढारीण बाई."

तिसऱ्या दिवशी तो माणूस आला.

इस्त्रीचा शर्ट, स्कूटर, हातात चॉकलेट वगैरे काही नाही. चारचौघांसारखा होता. "स्वराला न्यायला आलोय. तिच्या आईला बरं नाही." स्वरा दुसरीत होती. ती माझ्या मागे खिडकीशी बसली होती.

"निशाणी सांगा," काका म्हणाले.

माणूस हसला. "बटाट्या. मांजराचं नाव बटाट्या."

उत्तर बरोबर होतं. काका दारातून हलले नाहीत. त्यांनी स्वराच्या आईला फोन लावला; कुणी उचलला नाही. पुन्हा लावला.

"अहो, निशाणी सांगितली ना मी?"

"सांगितली. लई बरोबर सांगितली."

आणि मी, पुढच्या सीटवरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काका, आता तरी सोडा तिला! नियम तुमचाच आहे ना?"

हे वाक्य मी म्हणाले होते.

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी स्वराला विचारलं, "वळखती का यांना, माय?" तिने आधी त्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. नाही. काकांनी दार सरकवून बंद केलं, कडी तीनदा ओढली. "पाव्हणं, तुम्ही या मागं मागं. आईच्याच हातात देतो लेकरू." तो "बरं" म्हणाला. स्कूटर आमच्या मागे निघाली. घुंगरू वाजत होतं आणि काका रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघत होते. सिग्नलला मी मागे वळून पाहिलं, तेव्हा स्कूटर नव्हती.

स्वराची आई दारात आली ती ओले केस टॉवेलने पुसत. फोन चार्जिंगला लावलेला होता. "बरं नाही? मला? मी तर कुणालाच पाठवलं नाही."

तो माणूस कोण होता ते कधीच कळलं नाही. पोलिसांत सांगून झालं, गेटवर चार दिवस पालकांची गर्दी झाली, पण तो पुन्हा दिसला नाही.

सगळी मुलं उतरल्यावर काकांनी व्हॅन आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवली. खिशातून माझं पत्रक काढलं. मी रडायला लागले होते. मला वाटलं ते ओरडतील.

"लिवलंयस चांगलं. नातीनं वाचून दाखवलं काल. तवाच समद्या निशाण्या बदलायला पाहिजे हुत्या. म्हणलं, रविवारी बदलू." त्यांनी पत्रकाची पुन्हा घडी घातली. "ह्यात चूक माझीच. समद्यांवर संशय घेतला, तुझ्यावर घ्यायचा राहिला."

त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली.

नाक पुसत मी विचारलं, "पण काका, त्याने तर बरोबर सांगितलं होतं. तुम्हाला कसं कळलं?"

"तो चिडला नाय," काका म्हणाले. "घरचा माणूस निशाणी मागितली की आधी चिडतो. तुझा बाप कसा चिडला हुता? लेकरू आपलं असतं, त्याचा दाखला कुणी मागितला की डोस्कं फिरतंच. ह्यो हसला. पाठ करून आल्यागत."

त्या संध्याकाळी ते चौदाही घरी जाऊन आले. प्रत्येक दारात त्यांनी "वही माझी, चूक माझी" एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा बाकीच्या तेरा दारांवर गेलो आणि खरं काय ते सांगितलं. बाबांनी त्या दिवशी भाषण केलं नाही. दोन घरांनी आम्हाला आत बोलावलं नाही, आणि ते योग्यच होतं.

वही मला परत मिळाली नाही. पुढची सीट मात्र तीच राहिली. दहावीत असताना फोनवरच्या एका ॲपवर एका मुलीशी माझी ओळख झाली. माझ्याच वयाची, माझ्याच मतांची. माझं प्रत्येक वाक्य तिला पटायचं. ती फोटो मागायला लागली, तेव्हा मी काकांना सहज सांगितलं. ते आरशात बघत म्हणाले, "तुझ्याशी कधी भांडली का ती?" नव्हती. मी तिला म्हटलं, आधी एकदा समोरासमोर कॅमेऱ्यावर बोलू. त्यानंतर ते खातंच दिसेनासं झालं.

आमच्या घरची पत्रकं सांगत की सत्तेवर संशय घ्या. काकांचा संशय सत्ता बघत नसे. तो गोड बोलणाऱ्यावर, बंद दारावर, पाठ केलेल्या उत्तरावर असे. आणि स्वतःवर. मी कॉलेजात गेले त्या वर्षी एका सकाळी त्यांनी एक डोळा हाताने झाकला, समोरच्या गाडीचा नंबर वाचून पाहिला, तो धड वाचता येईना, आणि महिनाअखेरीस व्हॅन बंद केली. "अजून कुणाला कळलंही नसतं," मी म्हणाले. "मला कळलं ना," ते म्हणाले. "आता माझ्यावरच माझा भरवसा नाय. लेकरं कशी बसवू?" घुंगरू सोडून घेतलं आणि एसटीने कन्नडला गेले.

गेल्या महिन्यात एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. एक पुरुष बोलत होता. "कन्नडहून बोलतोय. रंगनाथरावांचा मुलगा. वडील गेले काल. त्यांच्या वहीत तुमचा नंबर हुता, म्हणून…"

असे फोन हल्ली रोज येतात. कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी अपघात, आणि मग पुढची मागणी. काका गेले हे माझं मन तर आधीच मानायला तयार नव्हतं. मी विचारलं, "काकांच्या व्हॅनच्या आरशाला काय बांधलेलं असायचं?"

तो ओरडला, "बाप गेलाय माझा! आन तुम्ही मला आरसा काय इचारता?"

आणि त्याने फोन आपटला.

उत्तर त्याने दिलंच नाही. मी फोन हातात धरून खाली बसले. माणूस घरचाच होता.