बराबर बांधलेली पेटी

निजामाच्या सरकारी मदरशात मी हिसाब शिकवायचो आणि माझ्या जोडीचे मास्तर चित्रकला. दर हिवाळ्यात ते पोरांना घेऊन पोखर्णीच्या देवळाचं चित्र रंगवायला निघत. सोबत मलाही ओढत आणि आपली पेटी माझ्यासमोरच भरत. कागदात गुंडाळलेल्या रंगाच्या वड्या, बांबूच्या नळीत ब्रश, वर छत्री. प्रत्येक वस्तू ठेवताना विचारत, "बराबर हाय?" मी म्हणायचो, "बराबर."

एका वर्षी पेटीच्या तळाशी मला देवळाचं चित्र सापडलं. पूर्ण झालेलं, वाळलेलं, खाली सहीसुद्धा.

"तिथं माशा लय," ते जराही न लाजता म्हणाले. "घरीच निवांत काढायचं आन् तिथं नुसता कोरडा ब्रश फिरवायचा. बोलू नका कुठं."

पोखर्णीला पोचलो, तर देवळापुढची चिंच नाहीशी झालेली. चित्रात मात्र हिरवीगार. मी मनातून खूश झालो. आता कसे सुटतात बघू!

मास्तर कोरडा ब्रश फिरवू लागले, तशी त्यांच्या मागं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं चित्र न्याहाळलं. "मास्तर, चिंच तर उन्हाळ्यातच पडली की."

"तुमाला न्हाई दिसत. मला दिसायलीय."

म्हाताऱ्यानं चित्रातल्या चिंचेच्या बुंध्याकडं बोट केलं. "मग तिच्याखाली माझी म्हैस बी बांधा. तिच्या मागंच गेली ती."

मास्तरांचा ब्रश थांबला. त्यांनी काळ्या वडीवरचा कागद फाडला आणि हळूच मला विचारलं, "पाण्याला वाटी घेतलीय का हो?"

वाटी त्या पेटीत कधीच नव्हती. आणि मी दरसाल "बराबर" म्हणत आलो होतो.