शांताताईचं पथ्य

शांताताई गेल्याचा फोन कळमेश्वरला, आमच्या कारखान्याच्या ऑफिसात आला. हृदय बंद पडलं म्हणाले. दीड महिना झाला, पण तेव्हा मनात पहिलं काय आलं ते लपवत नाही... चला, यकृतानं तरी नेलं नाही तिला.

माझी ही थोरली बहीण रामदासपेठेत शिवणक्लास चालवायची. मधुमेह जुना आणि स्वभाव हट्टी. अकरा वर्षांपूर्वी, १९८२च्या उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. पित्ताशयातला खडा सरकून पित्ताच्या नळीत अडकला होता. सर्जननी स्पष्ट सांगितलं, साखर उतरल्याशिवाय चाकू लावणार नाही, जखम भरायची नाही. आणि फार थांबलो तर लिव्हर हातचं जाईल. इन्सुलिन, कडक पथ्य, मुदत पंधरा दिवसांची.

आता माझा शहाणपणा ऐका. कावीळ म्हटली की आमच्या घरी उसाचा रस. लहानपणी आईनं आम्हा सगळ्यांना तोच पाजलेला. मी रोज सकाळी तांब्याभर रस घेऊन हजर. ताई नको म्हणायची. मी म्हणायचो, "हे तं औषध हाय वं ताई, यानं काही होत नाही." धाकट्याचं मन मोडवेना म्हणून ती चार दिवस प्यायली.

तेव्हा लघवी घरीच तपासायची पद्धत होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. पाचव्या दिवशी ताईनं मला समोर बसवून नळी तापवली. रंग विटकरी झाला. मला रडू कोसळलं.

"काहून रडून राहिला गा? रस म्या पेला," ती म्हणाली. "उद्यापासून नळी तू तापवजो. डॉक्टरले रसाचं मीच सांगीन."

तिनं सांगितलं, बोलणी खाल्ली, माझं नाव घेतलं नाही. उरलेले दिवस ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, ताक. कळ आली की शिलाई मशीनवर डोकं टेकवायची, कळ गेली की मुलींना कापड बेतायला शिकवायची. रोज सकाळी मी नळी दिव्यावर धरायचो... विटकरी, मग पिवळा, मग हिरवा. चौदाव्या सकाळी रंग निळाच राहिला.

"चाल गा," ती लुगडं सावरत उठली. "डॉक्टरले म्हण, काढा आता चाकू."

ऑपरेशन झालं, जखम भरली. त्यानंतर तिनं गोडाला बोट लावलं नाही, लेकीच्या लग्नातसुद्धा नाही.

तेरवीला तिच्या नावाचं पान मी वाढत होतो. आमच्या काकूनं पुरणपोळीचं ताट पुढे केलं. "तिले लय आवडे. जन्मभर जीव मारला पोरीनं. आता काय होते साखरेनं?"

खरंच, आता काय होणार होतं... पोळी मी हातात घेतली आणि काकूच्या ताटात परत ठेवली. आत जाऊन ज्वारीची भाकर आणली, मेथीची भाजी वाढली. काकू रागावली, अजून बोलत नाही. नाही तर नाही. ताईचं पथ्य माझ्या हातून एकदा मोडलं होतं, दुसऱ्यांदा मोडणार नव्हतं.