सात फोटो परटाचे, एक पोरीचा

पाखरांचे फोटो काढायचा मला छंद आहे, असं लोक म्हणतात. आई त्याला खोड म्हणायची, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हेही वर जोडायची. मला आईचाच शब्द बरोबर वाटतो. छंद माणूस पाहुण्यारावळ्यांना दाखवतो. खोडीचा ताप घरच्यांना होतो, आणि माझ्या खोडीचा पहिला ताप माझ्या वहिनीला झाला.

लढाईचे दिवस होते. उंब्रजजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो. वडील नव्हते. थोरला भाऊ, माझा दादा, पलटणीत होता आणि इटलीच्या बाजूला कुठंतरी लढत होता. तो गेला तेव्हा वहिनीला चौथा महिना होता. पुढं मुलगी झाली, रांगली, चालू लागली, आणि हे सगळं दादाला पत्रातून कळत गेलं. पत्रं वहिनी सांगायची आणि मी लिहायचो. ‘पोरगी कुणासारखी दिसते?’ हा दादाचा दर पत्रातला प्रश्न. आई म्हणायची, बापासारखी. वहिनी म्हणायची, नाक तेवढं माझ्या आईचं. मी दोन्ही लिहून टाकायचो. त्यातून त्याला कसला चेहरा दिसत असेल, देव जाणे.

एका फाल्गुनात दादाच्या पलटणीतला एक जवान सुटीवर आला, तो आमच्यासाठी एक घडीचा कॅमेरा घेऊन. दादानं मिसरात, म्हणजे इजिप्तात, तो कुणाकडून तरी जुना घेतला होता. आत एकच रोल भरलेला होता, आठ फोटोंचा. सोबत चिठ्ठी होती. ‘पोरीचा एक फोटू काढून धाड. बाकीचं सात तुला खेळाय.’

जवानानं मला ओसरीवर बसवून धडा दिला. पुढचं झाकण उघडून भाता कसा ओढायचा, अंतर कसं लावायचं, पाठीमागच्या लाल खिडकीत आकडा कसा बघायचा. शेवटी त्यानं मागच्या दाराच्या खिटीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “ह्ये मातुर उघडायचं न्हाई. आत उजेड गेला की समदं खलास.” मी मान डोलावली. घरात ही गोष्ट आणखी कुणाला सांगावी, हे मला सुचलं नाही. घरात यंत्र कळणारा एकटा मीच, अशी माझी समजूत होती.

आता पोरीचा फोटो त्याच दिवशी काढता आला असता. मी म्हटलं, आधी जरा हात बसू दे. आणि हात बसवायला मी गेलो विहिरीवर, परटाकडे.

परीट म्हणजे आमच्याकडचं एक काळंपांढरं पाखरू. ओढ्याकाठी, विहिरीवर, जिथं पाणी तिथं ते. शेपटी सारखी वरखाली आपटत असतं, दगडावर धुणं आपटल्यासारखी, म्हणून हे नाव. त्या साली एका जोडीनं आमच्या विहिरीच्या बांधकामात, मोट जिथं रिकामी होते त्या थारोळ्याच्या खालच्या कपारीत घरटं घातलं होतं. इतकं देखणं, स्वच्छ पाखरू मी रोज बघत होतो आणि तोवर मला ते दिसलंच नव्हतं. कॅमेरा हातात आल्यावर दिसलं. भुवईची पांढरी रेघ दिसली, गळ्याखालचा काळा पट्टा दिसला, आणि मी येडाच झालो.

पण ते जवळ येऊ देईना. मी पोतं भिजवून, चिखलानं माखून अंगावर घेतलं आणि थारोळ्याशी दगडासारखा बसलो. परीट समोरच्या धोंड्यावर बसून माझ्याकडे बघत तासभर ओरडला. मीही मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. माझा स्वभाव तापट, आणि पाखरावर तापून उपयोग नसतो, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

गंमत वहिनीनं ओळखली. दादा गेल्यापासून आमची मोट तीच हाकायची. बाईनं मोट हाकायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि आई सुरुवातीला तोंड लपवून फिरायची. पण गावातले तरणे गडी पलटणीत, उसाला तर पाणी पाहिजेच. वहिनीनं पदर खोचला आणि बैलांचा कासरा धरला. मोटेवरची गाणी तिला येत नव्हती, म्हणून ती बैलांना जात्यावरच्या ओव्या म्हणायची. बैलांची काही तक्रार नव्हती.

एका दुपारी बैल सोडून ती माझ्यापाशी आली. मी पोत्याखाली घामानं भिजलेला. ती म्हणाली, “भावजी, तुमी मोट थांबल्याव बसताय, तितंच चुकतंय. मोट चालू आसली की त्यो बिनघोर येतोय. आवाज थांबला की त्येला भ्या वाटतंय. म्या हाकतो तवा बसा.”

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले, चाक करकरलं, मोट धबाधबा थारोळ्यात रिकामी झाली, वहिनीची ओवी चालू झाली, आणि परीट चोचीत किडा घेऊन माझ्यापासून चार फुटांवर आला. चार फूट मी शाळेतल्या पट्टीनं मोजून ठेवले होते. माझा पहिला फोटो तो. मोटेवरून उडालेल्या पाण्यात उभा असलेला परीट.

पाखरू घाबरू नये म्हणून त्या उन्हाळ्यात वहिनी गरजेपेक्षा जास्त मोट हाकत होती, हे मला दिसत होतं. उसात पाणी तुंबलं तेव्हा आईनं दोघांनाही फैलावर घेतलं. वहिनी पदराआड हसत होती. चैत्र-वैशाखात माझे सात फोटो झाले. परीट, परटीण, कपारीतून बाहेर आलेल्या तीन चोची, आणि पुन्हा परीट.

लाल खिडकीत आठचा आकडा आला आणि मी थांबलो. एवढी तरी शुद्ध होती. मग पोरीला गोवर आला, अंगावरचे डाग जाईनात. मग पावसाळा लागला, उजेड बरा नव्हता. उजेड मधूनमधून बरा असायचा, पण मला तेव्हा आठवण व्हायची नाही. दादाची दोन पत्रं येऊन गेली. तिसऱ्यात फक्त एवढंच होतं, ‘फोटूचं काय झालं?’

शेवटी नवरात्रात कडक ऊन पडलं आणि मी पोरीला अंगणात बसवलं. वहिनीनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं. पोरीच्या डोळ्यांत काजळ, गालावर तीट. वहिनी तिला मांडीवर घेऊन ताठ बसली आणि कॅमेऱ्याकडे अशी बघू लागली, की मलाच खाली बघावंसं वाटलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, इटलीकडे बघत होती. मी खटका दाबला. आठ फोटो पुरे झाले. दसरा झाला की सांगलीला जाऊन रोल धुवून आणायचा, असं ठरलं.

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे घरातलं एकूण एक हत्यार आणि अवजार पूजेला लागतं. आदल्या दिवसापासून घासपूस चालते. फाळ, विळे, कुऱ्हाडी, मोटेचं चाक, कंदील, शिवणाची कात्री. कंदिलाचे तर सगळे भाग सुटे करून आतली काजळी काढतात, कारण वरवर पुसलेलं देवीला चालत नाही, असं आई म्हणायची. मी माझी पट्टी आणि कॅमेरा पाटावर ठेवला आणि झेंडूची फुलं आणायला शेतात गेलो. परत आलो तेव्हा पूजा मांडून झाली होती. कॅमेऱ्यावर फूल होतं, हळदकुंकू होतं. मी हात जोडले.

दसऱ्यानंतर मी माधवनगरला उतरून टांग्यानं सांगलीत गेलो. तिथला एक फोटोग्राफर माझ्या ओळखीचा होता. रोल मी स्वतः काढला नाही, कॅमेरा तसाच त्याच्या हाती दिला. तो अंधाऱ्या खोलीत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला. त्याच्या बोटाला कुंकू लागलं होतं.

“मास्तर,” तो म्हणाला, “आत कुणी पूजा केली?”

त्यानं ओली फिल्म दिव्यासमोर धरली. शेवटचा चौकोन ठार काळा होता, नुसतं डांबर. त्यावर एक बोट उमटलेलं होतं. अलीकडचे चारही असेच काळवंडलेले. पहिले तीन मात्र कडांना थोडे पोळून वाचले होते. परीट मोटेच्या पाण्यात उभा होता, डोळ्यातल्या चमकेसकट.

“हे कसे वाचले?” मी विचारलं.

“जो आधी काढला तो गुंडाळीत सगळ्यात आत जातो,” तो म्हणाला. “वरच्यांनी उजेड खाल्ला, आतले वाचले. शेवटचा तर गुंडाळलाच नव्हता, उघड्यावर होता.” मग माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, “शेवटचा कुणाचा होता?”

मी सांगितलं. दुसरा रोल मिळेल का, असंही विचारलं. त्यानं रिकामं कपाट उघडून दाखवलं. लढाई संपेपर्यंत रोल विसरा, म्हणाला. त्याच्याकडे स्वतःच्या गिऱ्हाइकांपुरताही माल नव्हता.

पूजेची पुसापुशी वहिनीनंच केली होती, आणि गाडीत बसल्यापासून मी तिच्यावर तापत होतो. पण आमचं मसूर स्टेशन यायच्या आत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती आल्यावर तापायला वहिनी उरली नाही. मी पोरीचा फोटो पहिला काढला असता, तर तो आत राहिला असता. हळदकुंकू लागून, दार उघडून, उजेड जाऊनही तो वाचला असता. जळाला असता तो परीट.

घरी पोचलो तर वहिनी दारातच उभी होती. “चांगला आला का?” तिनं विचारलं.

मी विचारलं, “पेटी मागनं उघडली होती?”

“व्हय,” ती म्हणाली. “समदी हत्यारं आतबाहीर पुसून कुकू लावलं. मग ही पेटी वरच्यावर कशी ठिवायची? हिच्यातनंच तर ते आमाला बगणार. पूजा मांडून व्हईस्तवर उगडीच ठिवली व्हती देवीम्होरं.”

“उजेड गेला आत,” मी म्हणालो. “त्यानं जळाला.”

ती वळली. आत जाऊन चुलीपुढं बसली. चूल विझलेली होती. त्या क्षणी मी उरलेली अर्धी गोष्ट सांगायला हवी होती, आणि मी गप्प बसलो. तापट माणसं खरं बोलतात, असा एक समज आहे. माझ्यापुरता तो खोटा आहे. हे लिहितानाही माझे कान तापतात. दादाला मी कळवलं की फोटो उजेडानं खराब झाला, आणि सांगलीहून छापून आणलेला परटाचा फोटो पाकिटात घातला. त्याचं उत्तर आलं, ‘पाखरू पोचलं. लय झ्याक आलंय.’ वहिनीनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

लढाई संपल्यावर वर्षभरानं दादा पलटणीतून सुटून आला. अंगणात निम्मा गाव जमला होता. शेजारची एक पोरगी होती, आमच्या पोरीएवढीच, मोठी धीट. फेट्यावाला शिपाई दिसताच ती गर्दीतून पुढं पळत गेली. दादानं ट्रंक खाली टाकली, तिला दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरून डोळे मिटले.

वहिनी उंबऱ्यात उभी होती. आमची पोरगी तिच्या लुगड्याचा घोळ धरून मागं दडली होती. सासूसमोर, गावासमोर नवऱ्याशी कशी बोलणार? ती मला म्हणाली, “भावजी, सांगा की त्यास्नी. ती शेजारची हाय. आपली हितं हाय.”

सगळं अंगण हसलं. दादाही हसला. त्यानं त्या पोरीला अलगद खाली ठेवलं आणि आमच्या पोरीपुढं उकिडवा बसला. ती काही त्याच्याकडे गेली नाही.

चहा झाल्यावर, माणसं पांगल्यावर वहिनी खाली बघत म्हणाली, “माजंच चुकलं. म्या पेटी उगाडली नसती, तर आज वळकली आसती.”

दीड वर्ष तिनं ते मनात धरलं होतं. मला राहवलं नाही. मी दादाला सगळं सांगितलं. सात परटाचे आधी, पोरीचा मागून, आणि आधी काढलेले कसे वाचले ते. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

दादा रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं चहाची बशी खाली ठेवली. दाराआडून पोरगी त्याला न्याहाळत होती, तिकडं बघत तो म्हणाला, “परीट दर साली घरटं घालतोय रं. दोन वर्साची पोर आता मला कुठं बघाय मिळायची?”

मग तो उठला आणि बैलांना हात लावून बघायला गोठ्याकडे गेला.