कमलताईंच्या पणजीचं नाव

कमलताई गेल्याचं मला भाजीवाल्याकडून कळलं. अवधपुरीच्या वळणावर मी मेथीच्या जुड्या चाळत होते, तेव्हा तो म्हणाला, "दीदी, वो जो सबसे उनकी माँ का मायका पूछती थीं, वो नहीं रहीं." माझा फोन घरी चार्जिंगला लावलेला. त्यावर तोवर सगळ्यांचे निरोप येऊन पडले होते, पण ही बातमी मला मेथीपाशी कळायची होती. मी तिथल्याच दुकानाच्या पायरीवर बसले. त्याने नाव सांगितलंच नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. अशी चौकशी करणारी बाई अख्ख्या भोपाळात एकच. त्यालाही सोडलं नव्हतं त्यांनी. त्याची आई सिहोरकडची, हे मला ताईंमुळेच ठाऊक.

राजधानी भोपाळला आली तेव्हा ताईंचे वडील कचेरीबरोबर नागपूरहून इकडे आले. टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये ताई लहानाच्या मोठ्या झाल्या, लग्न होऊन कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आल्या आणि तिथे त्यांनी मातृकुल मंडळ काढलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पुरुषांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं गुरुजी घडाघडा म्हणतात, बायकांची कुणालाच येत नाहीत. त्यात लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं की जुनं पुसलंच गेलं. म्हणून मंडळाची रीत अशी, की नव्या मेंबरने उभं राहून आपलं, आईचं, आजीचं आणि पणजीचं माहेरचं नाव सांगायचं. आजी म्हणजे आईची आई. कुणी चुकून वडिलांच्या आईकडे वळली की ताई डोळे वटारायच्या. सगळी नावं सांगून झाली की जमलेल्या बायकांनी त्यातली आई-आजी-पणजीची मोठ्याने म्हणायची आणि मग ओटी भरायची. कुमारिका असो, सवाष्ण असो, विधवा असो, ओटी सगळ्यांची. लिहून मात्र काही ठेवायचं नाही, हा ताईंचा हट्ट. लिहून ठेवलं की माणसं विसरायला मोकळी होतात, असं म्हणायच्या.

मी उज्जैनची. नवी नवरी म्हणून टाउनशिपमध्ये आले, तेव्हा नवरा शिफ्टला गेला की घर खायला उठायचं. माझी आई लग्नाच्या आधीच गेली होती. सासरी तिला कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिचं नाव कुणाच्या तोंडी येण्याचा प्रश्नच नव्हता. आणि इथे म्हणे खोलीभर बायका तिचं नाव मोठ्याने घेणार होत्या! त्या एका गोष्टीसाठी मी नुसता जीव टाकत होते. ठेवणीतली साडी नेसून गेले. स्वतःचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आजीचं सांगितलं... आणि अडकले. पणजीचं नाव मला माहीत नव्हतं. ताई शांतपणे म्हणाल्या, दोनांवर भागत नाही, शोधून आण, मग ओटी भरू. सगळ्यांच्या देखत! म्हणजे आईचंही नाव राहिलंच. घरी येऊन मी ढसाढसा रडले आणि या बाईचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दारात उभ्या, हातात पिशवी, पिशवीत दशम्या. उज्जैनला तुझं कोण आहे, असं त्यांनी विचारलं आणि चप्पल घालायला लावली.

उज्जैनला माझ्या आजीची धाकटी बहीण होती, सुभद्रामावशी. ऐकायला कमी यायचं, पण डोकं तल्लख. ताईंनी तिच्या कानाशी तोंड नेऊन तिच्या आईचं नाव विचारलं. मावशी हसून म्हणाली, "बाई." ताईंनी समजावलं, तुम्ही काय म्हणायचात ते नाही, तिचं नाव काय? मावशी विचारात पडली. शेजारपाजारचे मास्तरीणबाई म्हणायचे. आणि वडील? ते कशाला हाक मारतात, नुसते खाकरायचे. बोलता बोलता मावशीचा चेहरा उतरत गेला. शेवटी ती माझा हात धरून म्हणाली, "आईला नाव असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं." म्हातारीला आम्ही उगाच रडवलं. जेवून निघालो, तेही कुणाला गोड लागलं नाही.

परतीच्या गाडीत ताईंनी कुणाचीच चौकशी केली नाही. एरवी अख्ख्या डब्याची माहेरं त्यांनी उकरून काढली असती. शुजालपूर गेल्यावर मीच म्हटलं, पणजीचं नाव सरस्वती सांगून टाकते, कोण तपासायला येतंय! ताई म्हणाल्या, "नको. मी तेच केलंय."

त्यांची पणजी यमुना. दर वर्धापनदिनाला मंडळातल्या बायका सगळ्यात आधी त्यांच्याच आई-आजी-पणजीची नावं म्हणायच्या. ते यमुना ताईंनी स्वतः ठेवलेलं होतं. मंडळ काढणारीच पहिल्या दिवशी अडकली असं कसं दिसणार? आता ते इतक्या तोंडांतून गेलं होतं की त्यांना स्वतःलाही खरं वाटायचं. "ती बिचारी कोण होती कोण जाणे," त्या म्हणाल्या, "आणि तिच्या जागेवर मी दुसरीच आणून बसवली." त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

पुढच्या बैठकीत त्या माझ्याबरोबर उभ्या राहिल्या आणि माझ्या आधी स्वतःच बोलल्या. "माझी पणजी. नाव माहीत नाही. यमुना मी मनाने ठेवलं होतं." चार इमली या अफसरांच्या वस्तीतून येणाऱ्या एका साहेबांच्या बाईसाहेब उसळल्या, म्हणजे इतकी वर्षं आमच्याकडून खोटं वदवून घेतलंत? ताई म्हणाल्या, हो, घेतलं. पुढे सारवासारव नाही, काही नाही. बाईसाहेब खाली बसल्या, जरा वेळ पदराशी चाळा केला, आणि मग हळूच म्हणाल्या, की त्यांचंही तिसरं नाव अंदाजपंचेच होतं. झालं! मग एकेक जण कबुली देत गेली आणि शेवटी आम्ही पोट धरधरून हसलो. मग मी नावं सांगितली आणि सगळ्यांनी म्हटली. सुशीला. गंगा. नाव माहीत नाही. आईचं नाव इतक्या गळ्यांतून ऐकताना मला ती परत भेटल्यासारखं झालं. ताईंनी ओटी भरली आणि माझ्या गालावर थोपटलं. त्या दिवसापासून त्या माझ्या झाल्या. पुढे माझ्या दोन्ही बाळंतपणांत डिंकाचे लाडू त्यांनीच केले, आणि लाडू खाताना मी कंटाळा केला की बोलणीही त्यांचीच खाल्ली.

गेल्या आठवड्यात ताईंशिवाय पहिली बैठक झाली. त्यांच्या लेकीची लेक, ईशा, घर आवरायला पुण्याहून आली होती. तिला मेंबर व्हायचं होतं. जीन्सवर माझीच ओढणी घेऊन ती उभी राहिली. आई मेधा. आजी कमल. पणजी द्वारका. तीन झाली म्हणून मी ओटीचं ताट उचललं, तर म्हणाली, "मावशी, रुको ना, अजून आहेत." आजीने फोनवर पाठ करून घेतलं होतं म्हणे. द्वारकेची आई भागीरथी. आणि तिची आई... इथे पोरीने एक श्वास घेतला. "तिचं नाव माहीत नाही. पण आजी म्हणायची, नाव नसलं तरी तिला गाळायचं नाही."

आम्ही म्हणायला लागलो. मेधा. कमल... ताईंना नुसतं कमल म्हणायची आमच्यातल्या एकीचीही आजवर छाती झाली नव्हती. माझा आवाज तिथेच फुटला. द्वारका आणि भागीरथी बाकीच्यांनी म्हटली. मी डोळे पुसले आणि शेवटच्या बाईसाठी, ताईंच्या त्या पणजीसाठी, पुन्हा त्यांच्यात मिसळले. नाव माहीत नाही, असं आम्ही सगळ्या जणी खणखणीत म्हणालो, आणि मग मी ताईंच्या नातीची ओटी भरली.